भांडी वाजली की

कोयनानगरच्या आमच्या कॉलनीत 'भूकंप' हा शब्द कुणी उगाच वापरत नसे. तो एकाच भूकंपासाठी राखून ठेवलेला होता, आईच्या लहानपणच्या त्या मोठ्या भूकंपासाठी. त्यानंतर जमिनीत जे काही हललं, गुरगुरलं, त्याला आम्ही नुसतं 'भांडी वाजली' म्हणायचो. सकाळी नळावर बायका एकमेकींना विचारायच्या, "पहाटं तुमची वाजली का वो भांडी?" आणि दुसरी घागर लावता लावता सांगायची, "वाजली की, पर लय न्हाई, पेलंच तेवढं." पेले वाजले म्हणजे बारका हादरा, पातेली वाजली म्हणजे जरा मोठा, आणि कपाटाचं दार आपलं आपण उघडलं तर मात्र अंगणात जाऊन उभं राहायचं. ही मोजणी आम्हाला पाढ्यांच्या आधी यायची. आई तर मांडणीवरचे स्टीलचे पेले मुद्दाम एकमेकांना टेकवून ठेवायची. पाहुण्या बायकांना वाटायचं, हिला नेटकं लावता येत नाही. लांब लांब ठेवले तर वाजणार कसे, असं आईचं म्हणणं होतं.

आणि पेले वाजले की आई मेन पाडायची. आमच्या क्वार्टरला पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं अंगण. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी भिंतीवर लोखंडी डब्याचा जुना मेन स्विच होता, त्याला बाजूला दांडा. हात पिठाचे असोत, ओले असोत, आई पदर हाताला गुंडाळून तो दांडा खाली ओढायची. पंखा घरघरत थांबायचा, रेडिओवरचा माणूस शब्दाच्या मधेच गप्प व्हायचा, आणि आम्ही जेवत असलो तर जेवतच राहायचो. सगळं निवलंय अशी खात्री झाली की ती दांडा वर करायची आणि तव्यावरच्या भाकरीकडं वळायची. त्या काळात डोंगरात प्रकल्पाच्या नव्या कामाचे सुरुंगही उडायचे, त्यानंही पेले वाजायचे. सुरुंगाआधी भोंगा व्हायचा, पण भोंगा ऐकू आला तरी आईचा हात थांबत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, डोंगराखालच्या वीजघरात कामाला होते. ते म्हणायचे, "मी तिकडं डोंगराच्या पोटात बसून लाईट तयार करायची आन् हिनं हितं पाडायची. आमा दोघांत सरकारचा मानूस कोण, त्येच कळंना झालंय." आई हसायची नाही आणि चिडायचीही नाही. "तुमास्नी काय, तुमी आटपाडीचं," एवढंच म्हणायची.

हे उत्तर अण्णांना पुरायचं. त्यांच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. आटपाडीची दुष्काळी जमीन हलत नाही, तिथं हलतात ती मेंढरं. कोयनेत इतकी वर्षं काढूनही पावसाळा लागला की अण्णा पडवीत उभे राहून एखाद्या पाहुण्यासारखे पावसाकडं बघत राहायचे. घरनं त्यांना बाजरी यायची, हुलगे यायचे. हुलग्याचं माडगं केलं की घरभर तो खमंग, जरासा मातकट वास सुटायचा. अण्णा वाटीला तोंड लावून फुर्रकन आवाज करत ते प्यायचे, आणि आई आपल्या नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणायची, "आवं, हळू प्या की, भांडी वाजाय लागतील." आता डॉक्टरांनी मला नाचणी खायला सांगितली आहे आणि ती साताऱ्यात एका चकचकीत दुकानात पाकिटातून मिळते. तिला चुलीचा वास नसतो, मी तो आठवून खाते.

बारावीनंतर मी सांगलीला आत्याकडं राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. तिथं मशीन जोडून देणारा दीपक नावाचा मुलगा होता, माझ्याहून थोडा मोठा, सतत भडंग खाणारा. त्यानं मला एक जुनं मशीन नीट करून दिलं. ते मी आणि अण्णांनी एसटीतून कोयनेला आणलं. मॉनिटर गोधडीत गुंडाळून अण्णांच्या मांडीवर, डबा माझ्या मांडीवर. पाटणच्या पुढं वळणं लागली तशी एक म्हातारी उलटी करायला टेकली, तर अण्णा तिला काळजीनं म्हणाले, "आजी, खिडकीकडं तोंड करा. हिकडं तेवढं करू नगा." कॉलनीत मशीन उतरवलं तेव्हा बघायला ही गर्दी. आईनं त्याला पुढच्या खोलीत खिडकीजवळ जागा केली, त्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणला, आणि त्याला कायम 'टीव्ही' म्हणायला लागली.

मला क्लास काढायचा होता. आमच्या कॉलनीत मुलींना बारावीनंतर दोनच वाटा होत्या, शिवणक्लास नाहीतर प्रकल्पात कधी भरती निघते त्याची वाट बघणं, आणि दोन्हीत सगळ्या जणी खिडकीत बसून म्हाताऱ्या होताना मी पाहत होते. कॉलनीच्या क्लबाच्या मागं एक खोली रिकामी होती. तिच्यात टेबल, त्यावर माझं मशीन आणि समोर बाकावर मुली, हे चित्र मी इतक्यांदा मनात रंगवलं होतं की त्या खोलीच्या भिंतीचे पोपडेसुद्धा मला पाठ झाले होते. क्लबाची मंडळी नाही म्हणाली नाहीत. पण कॅरमवाल्यांनाही तीच खोली हवी होती. शेवटी ठरलं की मंडळींनी महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या घरी यायचं आणि मशीन चालू बघायचं. चाललं तर खोली माझी, नाही तर कॅरमची. आणि कॅरम एकदा आत गेला असता तर तो उठवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

मशीन पहिले काही दिवस झकास चाललं. मग एका दुपारी सुरू केलं तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणजे यंत्राला चालवणारी जी मुळातली व्यवस्था असते तीच सापडत नाही. हे मला शिकवलेलं होतं, त्यामुळं मी घाबरले नाही. दीपकनं दिलेली सीडी घातली आणि सगळं पहिल्यापासून बसवायला घेतलं. त्या काळी हे काम कूर्मगतीनं चालायचं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जायची, फायली एकेक करून आत जायच्या, आणि सगळ्या गेल्या की मशीन आपलं आपणच बंद होऊन परत सुरू व्हायचं. मग नवी सिस्टिम दिसायची. पट्टीकडं बघत बसण्यात काय अर्थ म्हणून मी पाणी भरायला जायची, कपडे वाळत घालायची. परत येऊन बघावं तर मशीन बंद होऊन परत सुरू झालेलं असायचं, पण पडद्यावर तीच ओळ. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. सीडी पुसली, आतल्या वायरी काढून घातल्या, डबा उघडा ठेवून वारा दिला. शेजारच्या काकूंनी लिंबू उतरवून टाकलं. एक जण म्हणाले, दक्षिणेकडं तोंड आहे त्याचं. एवढं सगळं करूनही काळा पडदा काही हलेना.

वाचणाऱ्याला आत्तापर्यंत कळलं असेल की काय चाललं होतं, आणि ही बाई इतकी कशी ठोंब, असंही वाटलं असेल. पण तुम्ही कोयनेत वाढलेले नाही. रोज ज्या गोष्टी घडतात त्या घडल्या असं कुणाला वाटतच नाही. भांडी वाजली, आईनं मेन पाडला, आईनं मेन चढवला, हे आमच्या लेखी डोळ्याची पापणी लवण्यासारखं होतं. माझ्या समोर झालं असतं तरी मी त्याची दखल घेतली असती की नाही, मला शंका आहे. शिवाय मशीनचा तो डबा जुन्या पद्धतीचा, त्याचं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहायचं. लाईट गेली की मशीन बंद, आली की आपलं आपण सुरू. आणि मशीननं आपलं आपण बंद होऊन सुरू व्हायचं, हे तर मला शिकवलेलंच होतं.

मी डबा सांगलीला नेला. तिथं तो शहाण्यासारखा चालला. घरी आणला, दोन दिवस चालला आणि परत ढिम्म. दीपकचं मत पडलं की घाटातल्या खड्ड्यांनी आतलं काहीतरी निसटतंय. मी फोनवर इतकी कुरकुर केली की शेवटी तो त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, स्वतःच आला, नवी हार्ड डिस्क, नवी सीडी आणि भडंगाची भली मोठी पिशवी घेऊन. आईनं त्याला जेवायला वाढलं. तो चौथी भाकरी नको नको म्हणत असताना, तिकडं पट्टी भरत असताना, पेले वाजले. लगोलग पातेल्यांचाही आवाज झाला. दीपक ताट तसंच टाकून मागच्या दारानं अंगणात पळाला. हातात भाकरीचा तुकडा, पायात चप्पल नाही. आम्ही जागेवरच होतो. अण्णा आतून म्हणाले, "या, या, बसा. सुरुंग हाय त्यो."

तो दारात येऊन उभा राहिला. घाम पुसत म्हणाला, "काका, लाईट का गेली?"

"कुटं गेली?" अण्णा म्हणाले.

"आवो, पंखा थांबलाय की."

आम्ही तिघांनी वर बघितलं. पंखा खरंच थांबला होता. आईचा हात दांड्यावर होता. तिनं तो पटकन काढून घेतला. दीपकनं एकदा आईकडं बघितलं, एकदा पुढच्या खोलीतल्या काळ्या पडद्याकडं बघितलं आणि मग तो असा हसायला लागला की त्याला भाकरीचा ठसका लागला. "काकू," तो म्हणाला, "दिवसात किती वेळा करताय हे?" आईला काही कळेना. "काय करतीया मी? भांडी वाजली की मेन पाडायचा असतोय." अण्णाही हसले, मीही हसले. आई हसली नाही. फायली आत जात असताना लाईट गेली की सगळं अर्धवट राहतं, चालू मशीनची गेली तरी बिघडतं, हे दीपकनं तिला समजावून सांगितलं. लाईट गेली तरी चालू राहायला याला बॅटरीचा डबा लागेल, सांगलीत बघतो म्हणाला. पण तो उद्या दुपारपर्यंत येणं शक्य नव्हतं, आणि त्याची शेवटची एसटी सुटत होती. नवी डिस्क आणि सीडी माझ्याकडं ठेवून तो गेला.

संध्याकाळी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी जाऊन शेजारी बसले आणि म्हणाले, उद्या सकाळी मी परत बसवते, तेवढा वेळ भांडी वाजली तरी मेनला हात लावू नकोस. मला वाटलं होतं ती हो म्हणेल आणि विषय संपेल. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"तुजी मावशी भूकंपानं न्हाई गेली," ती म्हणाली.

मावशी त्या मोठ्या भूकंपात गेली एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

"घर पडलं तवा आमी समदी भाईर आलोती. ती बी आलीती. मी तिचा हात धरला हुता. भाईर अंगनातल्या दिव्याची तार तुटून पडलीती, अंधारात दिसली न्हाई. माजा हात सुटला आन् तिचा पाय पडला." आईनं सूप जरा हलवलं. "मेन कुनी पाडलाच नव्हता."

दुपारी आपण हसलो होतो, ते आठवून मला तिथं बसवेना. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे आई. कॅरमला जाऊ दे ती खोली. मी सांगलीतच काय तरी बघीन."

"आन् मग हितल्या पोरींनी काय करायचं?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे म्हनं. मी सांगून ऐकंल असा हात न्हाई माजा. उद्या मी अंगनातच बसते. हात पोचला न्हाई म्हंजे झालं."

रविवारी अण्णा सकाळच्या पाळीला गेले. आईनं लवकर चूल उरकली, निवडायला हुलग्यांचं सूप घेतलं आणि अंगणाच्या पार टोकाला, फणसाखाली, घराकडं पाठ करून बसली. मी सीडी घातली. धरण भरलं होतं, आणि धरण भरलं की आमच्याकडं भांडी जास्त वाजतात. त्या सकाळी मात्र सगळं कसं निवांत होतं. खिडकीतून ऊन येत होतं, कुणाच्या तरी घरी लसूण कुटत होते. पट्टी भरत गेली. मी पाणी भरायला गेले नाही, कपडे वाळत घातले नाहीत, पट्टीसमोर हात जोडल्यासारखी बसून राहिले. मधून मधून मागच्या दारातून आईची पाठ दिसते का बघत होते. ती हलली नव्हती.

पट्टी शेवटाला आली आणि पेले वाजले. मग पातेली. मग जमिनीखालून तो गडगडाट आला, जो सुरुंगाचा नसतो हे कोयनेतलं पोरही सांगेल, आणि माझ्या डाव्या हाताला कपाटाचं दार सावकाश उघडलं. म्हणजे अंगणात जायचं. शेजारपाजारची दारं वाजली, बायका पोरांना हाका मारत बाहेर पळाल्या. मला उठायचं होतं, पण पट्टीवरून नजर सुटेना. तेवढ्यात मागच्या दारातून आई आत आली. सगळी कॉलनी घराबाहेर पळत होती आणि ती आत येत होती. दाराशी, तिच्या खांद्याला लागून मेन होता. तिचा हात दांड्याकडं उचललेला मी बघितला आणि डोळे मिटून घेतले. आता पंखा थांबणार.

पंखा थांबला नाही. आईची पावलं वाजली आणि ती माझ्यावर वाकली. तिनं एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो मॉनिटर छातीशी धरला. तिचं अंग थरथरत होतं की घर, मला सांगता येणार नाही. वरून चुन्याची पूड पडत होती, माझ्या केसांत, कळफलकावर. तिच्या पदराला ओल्या मातीचा वास होता. मग हळूहळू पेले एकेक करून गप्प झाले.

दुपारी क्लबाची मंडळी आली, त्यांनी चहा घेतला, पडद्यावर आपापली नावं मराठीत उमटलेली बघितली आणि खोली मला मिळाली. पुढच्या महिन्यात सांगलीहून बॅटरीचा डबा आला आणि आई निर्धास्तपणे मेन पाडायला लागली. त्या खोलीत शिकलेल्या मुली आज कुठं कुठं पोचल्या आहेत, ते त्या मला फोन करून सांगतात. माझा फोन आता माझ्या नकळत स्वतःच स्वतःची सिस्टिम बदलून घेतो, मला विचारतही नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी पेले गप्प झाले तरी आई तशीच वाकून उभी होती. पट्टी संपली. मशीन नेहमीसारखं आपलं आपण बंद झालं आणि पडदा काळा पडला. डोक्यावरचा तिचा हात एकदम घट्ट झाला.

"म्या न्हाई पाडला गं," आई म्हणाली.